शरणपूर हे नाव

शरणपूर रोड म्हटले की आजच्या नाशिककरांच्या डोळ्यांसमोर दुकानांच्या पाट्या आणि कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला तुंबलेली वाहने येतात. आमच्या घरात मात्र हे नाव फोडून सांगितले जाई. जे शरण आले त्यांचे पूर, असे आजी म्हणायची, आणि मग सासरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकिगत पुन्हा एकदा सुरू व्हायची. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने येथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. पुढे हिंदी महासागरात माणसांची ने-आण करणाऱ्या गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले येथे आणली गेली, लिहायला-वाचायला आणि हातचा एखादा धंदा शिकली. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीजवळ उभे राहणाऱ्यांत जेकब वेनराइट हा तरुण होता, आणि तो नाशिकला शिकलेला होता. ज्यांना कोणीच आपले म्हणायला तयार नव्हते अशांसाठी आपली वस्ती वसली, ही गोष्ट मी आजीच्या मांडीवर शिकले आणि पुढे रविवारच्या शाळेत तीस वर्षे मुलांना शिकवत आले.

हे सगळे आज मांडण्याचे कारण आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, झालेला एक उपदेश आहे. पावसाळ्यातला रविवार होता, बाहेरगावाहून पाहुणे उपदेशक आले होते आणि विषय होता शास्त्राप्रमाणे कुटुंब. सुरुवात पती हा पत्नीचे मस्तक आहे या वचनाने झाली, आणि तेथून त्यांनी स्त्रीवाद, गर्भपात, समलिंगी विवाह आणि ‘जेंडर आयडिऑलॉजी’ असा एकेक टप्पा घेतला. शाळांच्या ग्रंथालयांत मुलांना बिघडवणारी पुस्तके शिरली आहेत आणि मुलींच्या स्वच्छतागृहांत स्त्रीवेश केलेले पुरुष शिरत आहेत, असे ते पोटतिडकीने सांगत होते. मी जिल्ह्याच्या आदिवासी भागातील शाळांत नोकरी केली. त्यांपैकी एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दारच नव्हते, आणि दोन मुली ओढणी धरून उभ्या राहिल्याशिवाय तिसरी आत जात नसे. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट होते आणि त्याची किल्ली हरवलेली होती. उपदेशक बोलत असताना मला सारखे ते दार नसलेले स्वच्छतागृह दिसत होते. आमच्या समोर बोलत असूनही ते बोलत होते दुसऱ्याच देशाविषयी, आणि आमच्या बाकांवरून ‘आमेन’ येत होते.

उपदेशानंतर गीत होते. कीबोर्डवर माझ्या ताईचा मुलगा बसला होता. त्याने सूर धरला, पहिले कडवे झाले, दुसरे झाले, आणि तिसरे सुरू होण्याआधी त्याने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मंडळीने तिसरे कडवे वाद्याशिवाय गायले. बहुतेकांना वाटले वीज गेली असावी.

माझा भाचा समलिंगी आहे. हे मी त्याला वाचून दाखवून आणि त्याची संमती घेऊन लिहीत आहे. बावीस वर्षांचा असताना त्याने हे आईला स्वयंपाकघरात सांगितले. ताई ओरडली नाही की रडली नाही. तिने गॅस बंद केला आणि ती कणकेच्या हातांनीच पाटावर बसून राहिली. त्या आठवड्यात कोणीतरी तिला शहराबाहेरच्या एका प्रार्थनाघराचा पत्ता दिला, जिथे उपास आणि मुक्ततेची प्रार्थना करून असा ‘आत्मा’ घालवतात असे सांगितले जात होते. ताई त्याला तीन शुक्रवार घेऊन गेली. तिसऱ्या शुक्रवारी चौघांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते इतका वेळ खाली दाबून धरले की दुसऱ्या दिवशी त्याची मान सुजली होती आणि दोन आठवडे त्याला कीबोर्डसमोर बसता येत नव्हते. पुढे एकदा तो मला म्हणाला, “मावशी, मला तेव्हा रागही आला नाही गं. मला खरंच वाटत होतं की आज तो आत्मा निघेल आणि आईला बरं वाटेल.” त्या दिवशीचे रिक्षाचे भाडे मी दिले होते. ताईकडे सुटे पैसे नव्हते म्हणून मी पर्स उघडून दिले होते, हे मला विसरता येत नाही.

त्या प्रार्थनाघरातून ताईला एक पातळ मराठी पुस्तिका मिळाली होती. तीत ‘बदललेल्या’ एका अमेरिकी माणसाची साक्ष होती. भाषांतर इतके ओबडधोबड होते की मूळ इंग्रजी वाक्य खालून डोकावत होते. तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागले. लैंगिक कल बदलता येतो असे ख्रिस्ती लोकांना सांगणारी सर्वांत मोठी संस्था अमेरिकेतील एक्झोडस इंटरनॅशनल होती. ती १९७६ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये तिचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी दुखावलेल्यांची जाहीर माफी मागून ती बंद केली. आपल्याकडे आलेल्या जवळजवळ कोणाचाच कल बदलला नाही, हे त्यांनी आधीच कबूल केले होते. आपल्या देशात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे जिथून ही समजूत आली तिथे तिचे दुकान बंद झाले होते, डॉक्टरांना ती मना झाली होती, आणि नाशिकच्या वेशीवर मात्र माझ्या भाच्याची मान दाबली जात होती.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ‘हे तर पहिल्यापासून असेच आहे’ ही खात्री. अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ असलेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९७१ मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, तेव्हाही या मंडळ्या लगेच रस्त्यावर उतरल्या नाहीत. रँडल बाल्मर यांच्यासारखे इतिहासकार दाखवतात की अमेरिकेतील पुराणमतवादी ख्रिस्ती पुढाऱ्यांना आधी एकत्र आणले ते वेगळ्याच प्रश्नाने. कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत सरकारने काढायला घेतली होती. बॉब जोन्स विद्यापीठात वेगवेगळ्या वंशांच्या मुलामुलींना एकमेकांबरोबर फिरण्यास मनाई होती. त्या विद्यापीठाची सवलत १९७६ मध्ये गेली, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. वंशभेदाच्या बचावावर देशभर मते मिळणे अवघड होते. कुटुंब, स्त्री आणि लैंगिकता या विषयांवर ती मिळत होती. १९७७ मध्ये गायिका अनिता ब्रायंट यांनी फ्लोरिडातील डेड काउंटीत ‘आमची मुले वाचवा’ अशी मोहीम काढली आणि समलिंगी व्यक्तींना नोकरीत व घरे भाड्याने घेताना भेदभावापासून संरक्षण देणारा स्थानिक नियम मतदानाने रद्द करून घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही पुराणमतवादी ख्रिस्ती लोकांची राजकीय संघटना स्थापन झाली. बाल्मर यांचे म्हणणे मला पटते, कारण तारखा ओळीने मांडल्या की कोणता प्रश्न आधी पेटला आणि कोणता नंतर, हे आपोआप दिसते.

आमच्या पाहुण्या उपदेशकांनी ज्या इंग्रजी शब्दावर इतका जोर दिला, तो ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द इंग्रजी बायबलमध्ये १९४६ च्या भाषांतरात आला. त्याआधीच्या पिढ्या प्रेषित पौलाच्या पत्रांतील त्याच ग्रीक शब्दांचा अर्थ निरनिराळा लावत होत्या. ग्रीक मला येत नाही, म्हणून अर्थाचा निवाडा मी करत नाही. पण भाषांतराला तारीख असते, एवढे शाळेत भाषा शिकवलेल्या बाईला कळते.

स्त्रियांच्या बाबतीत मला अधिक ठामपणे बोलता येते. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९९८ मध्ये आपल्या विश्वासपत्रात कलम घातले की पत्नीने पतीच्या नेतृत्वाला स्वखुशीने अधीन व्हावे. २००० मध्ये पाळकपद, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचे पद, केवळ पुरुषांचे असल्याचे लिहिले. आणि २०२३ मध्ये स्त्रियांना पाळक नेमल्याबद्दल सॅडलबॅक ही मोठी मंडळी बाहेर काढली. याच संस्थेच्या पुढाऱ्यांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे दाबल्या, पीडितांना झिडकारले, हे २०२२ मध्ये एका स्वतंत्र चौकशीच्या अहवालातून बाहेर आले. आणि ही संस्था मुळात जन्मली कशी? गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवता यावे की नाही या वादातून, १८४५ मध्ये. त्याबद्दल त्यांनी १९९५ मध्ये माफी मागितली. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे हे बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे आणि पत्नींनी पतींच्या अधीन असावे हे त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. माझ्या बायबलात ही दोन वचने समोरासमोरच्या पानांवर आहेत. सहाव्या अध्यायातले वचन त्या काळापुरते होते असे आज सगळेच मानतात. तसे कोणी मानलेच नसते, तर गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या मुलांसाठी शरणपुरात जागाच उरली नसती. मग शेजारच्या पानावर जाताना आपण वाचण्याची रीत का बदलतो, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी भगिनी मंडळाच्या सभेत उभी राहून विचारला आहे.

मराठी ख्रिस्ती स्त्रीला अधीनतेचे धडे परदेशातून मागवण्याची गरज नाही, कारण आमच्यापाशी वेगळा वारसा आहे. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये असे बिशपांनी म्हटले होते. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि ते छापण्याचे काम तिथल्या स्त्रियांनी केले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्या पाच वर्षे थांबल्या, भांडल्या, दूर राहिल्या, आणि स्वतःला पटल्यावर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘पती मस्तक’ म्हणून त्या आल्या असत्या तर त्यांच्या विश्वासाला मी आज जितका मान देते तितका दिला नसता.

आमच्याच कायद्याची गोष्ट तर माझ्या घरातली आहे. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा ख्रिस्ती लोकांना लागू होता. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. माझ्या आत्याचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटून बसला होता, महिन्याकाठी थोडे पैसे पाठवत होता आणि आत्यावर त्याने कधी हात उगारला नव्हता. वकिलाने फाईल परत केली आणि सांगितले, “बाई, एवढ्यावर होणार नाही.” मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला, तेव्हा आत्या साठी ओलांडून गेली होती. तो जुना कायदाही त्या काळी शास्त्राप्रमाणेच मानला जात होता.

हा उपदेश परदेशी पोचल्यावर काय होते, याचे उदाहरण युगांडाने पाहिले आहे. २००९ मध्ये स्कॉट लाइव्हली यांच्यासह काही अमेरिकी वक्त्यांनी कंपाला येथे समलिंगी लोकांपासून कुटुंबाला असलेल्या ‘धोक्या’वर परिषद घेतली. त्याच वर्षी तिथल्या संसदेत कठोर विधेयक आले, आणि २०२३ च्या कायद्यात काही कृत्यांसाठी मृत्युदंडापर्यंतची तरतूद झाली. डेव्हिड काटो हे शिक्षक या विधेयकाविरुद्ध उभे होते. जानेवारी २०११ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या दफनविधीत पाळकांनी समलिंगी लोकांचाच निषेध सुरू केला, गावकऱ्यांनी पेटी खाली उतरवायला नकार दिला, आणि मित्रांनीच त्यांना पुरले. त्या वेळी प्रार्थना केली ती ख्रिस्टोफर सेन्योंजो या वृद्ध बिशपांनी, ज्यांना अशाच लोकांची बाजू घेतल्यामुळे त्यांच्या मंडळीने बाहेर काढले होते. ख्रिस्ती माणसाला कबरस्तानातली जागा आणि पाळकाचे शेवटचे शब्द यांचे मोल सांगावे लागत नाही. काटो यांच्याविषयी वाचले त्या रात्री मी भाच्याला उगाचच फोन केला आणि जेवलास का एवढेच विचारले.

आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये आणले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीने असलेल्या संबंधांपुरते ते निष्प्रभ केले, तेव्हा त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत इतर धर्मांच्या संघटनांबरोबर अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल यांची नावे होती. उत्कल म्हणजे ओडिशा. तिथल्या कंधमालमध्ये २००८ मध्ये ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या होत्या आणि हजारो कुटुंबे जंगलात व छावण्यांत राहिली होती. त्यानंतर फार काळ गेलेला नसताना त्या राज्यातील ख्रिस्ती संस्थेने दुसऱ्या एका लहान समूहाला गुन्हेगार ठेवण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी, याचे मला फार दुःख वाटते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी सांगितले की चर्चने समलिंगी व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेले नाही. समलिंगी विवाह त्यांना मान्य नव्हता, तरीही ते तेवढे बोलले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम अखेर प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द झाले.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात आम्ही २.३ टक्के आहोत आणि महाराष्ट्रात एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेतील गोरे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर आणि धर्मप्रचारावर भर देणारे प्रोटेस्टंट, सत्तेच्या मतपेटीजवळ उभे राहून बोलतात, आणि तिथल्या निवडणुकांत त्यांच्यातील दहापैकी सुमारे आठ मते एकाच पक्षाला जातात. आमची प्रार्थना घरात चालू असताना बाहेर कोण उभे आहे, याची आम्हाला खिडकीतून खात्री करून घ्यावी लागते. आम्ही रोज ज्या घटनेचा आधार मागतो ती विवेकाचे स्वातंत्र्य आणि व्यक्तीची प्रतिष्ठा एकत्रच देते, आणि यातले एक ठेवून दुसरे नाकारण्याची सोय तीत नाही.

आमचे पाळकसाहेब कठोर मनाचे नाहीत. करोनाच्या दिवसांत त्यांनी एकट्याने दफने केली आहेत. विवाह स्त्री-पुरुषांचाच असावा असे ते प्रामाणिकपणे मानतात, आणि त्यावर त्यांच्याशी वाद घालायला मी गेले नव्हते. मी त्यांना एवढेच विचारले की ज्या मुलाला तुम्ही बाप्तिस्मा दिलात त्याला ऐकवण्यासाठी दुसऱ्या देशातला प्रचार व्यासपीठावर का येऊ दिलात. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाई, तो कीबोर्डवर होता हे माझ्या ध्यानातच आलं नाही.” बोलणे तिथेच थांबले नाही, आम्ही आणखी दोनदा भेटलो.

रविवारच्या शाळेत बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय घेतला, तेव्हा एका मुलीने विचारले, “टीचर, षंढ म्हणजे काय?” इतकी वर्षे मी तिथे ‘अधिकारी’ एवढेच सांगून पुढे जात असे. या वेळी सांगितले. कूश देशाचा तो माणूस आफ्रिकेचा होता, राणीच्या खजिन्यावर होता, आणि त्याच्या शरीरामुळे जुन्या नियमाप्रमाणे त्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. तो रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता. वाटेत पाणी दिसताच त्याने विचारले की मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय, आणि त्याला सुवार्ता सांगायला आलेला फिलिप्प त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. ज्या यशयाची गुंडाळी त्याच्या हातात होती, तिच्यात थोडे पुढे, छप्पन्नाव्या अध्यायात, षंढांना देवाच्या घरात मुलगे व मुलींपेक्षाही चांगले नाव देण्याचे वचन आहे.

यशयाचा तो अध्याय येत्या रविवारी उपासनेत वाचला जाणार आहे आणि वाचण्यासाठी ताईने स्वतःहून नाव दिले आहे. ती रोज रात्री भांडी आवरून झाल्यावर चष्मा लावून स्वयंपाकघरात मोठ्याने सराव करते. पाचव्या वचनापाशी तिचा आवाज थांबतो, आणि आतल्या खोलीतून भाचा म्हणतो, “आई, सावकाश. परत पहिल्यापासून घे.”